हिरडा, पळस, कंबरमोडी, कडुनिंब, हळद: अर्कांची जंतुरोधक चाचणी साध्या प्रयोगशाळेत कशी बसवावी?

सागवान_पान (धागाकर्ता)

गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं विज्ञान महाविद्यालय. बीएस्सी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पाच गोष्टी ठरल्या आहेत: हिरड्याचं फळ, पळसाची फुलं, कंबरमोडीचा पाला, कडुनिंबाचा पाला आणि वायगावची हळद. हाताशी ऑटोक्लेव्ह, साधं इन्क्युबेटर, कलरीमीटर, वॉटर बाथ आणि मिक्सर. रोटरी इव्हॅपोरेटर (अर्क आटवायचं यंत्र) नाही, लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कपाट) नाही.

आधीच्या तुकडीच्या वह्यांत दोन गोष्टी खटकतात. पाण्यातल्या अर्कांपैकी फक्त हिरड्याला वर्तुळ (प्लेटवर अर्काभोवती जिवाणू न उगवलेली मोकळी जागा), बाकी चारही कोरे. मिथेनॉलमधल्या अर्कांना मात्र सरसकट १४-१५ मिमी. पाचही वनस्पतींना, ई. कोलायवरही आणि स्टॅफवरही (स्टॅफिलोकोकस ऑरियस). याचा अर्थ काय लावायचा? आणि सगळं पायापासून बसवायचं तर सुरुवात कुठून?

पेट्रीबशी

पाच वेगळ्या वनस्पती, दोन वेगळे जिवाणू आणि वर्तुळ एकाच मापाचं, म्हणजे ते वनस्पतीचं नाही, मिथेनॉलचं आहे. अर्क पूर्ण न आटवता तसाच अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थरात पाडलेल्या खळग्यात ओतला की हेच होणार. वहीत नुसत्या मिथेनॉलचा खळगा आहे का पाहा. बहुधा नसेल.

हिरड्याचं कोडं जरा वेगळं आहे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर आणि त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, त्यामुळे वर्तुळ येणं अपेक्षितच. पण हा अर्क चांगलाच आंबट असतो, आणि नुसत्या आंबटपणानेही वर्तुळ पडतं. म्हणून त्याच प्लेटवर त्याच पीएचला आणलेलं सायट्रिक ॲसिडचं पाणी एका खळग्यात टाका. दुसऱ्या खळग्यात सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ ते ७ पीएचला आणलेला हिरडा. सातच्या वर जाऊ नका; अल्कलीत ही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने भराभर काळवंडतात, मग तपासायला मूळ द्रव्यच उरत नाही. सातला आणूनही वर्तुळ राहिलं तर ते हिरड्याचं.

बाकी चार कोरे आले ते पाण्यामुळे. हळदीतलं पिवळं द्रव्य कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळदीचं पिवळं पाणी दिसतं खरं, पण त्यात बरेचसे नुसते तरंगते कण. ते अगारमधून सरकणार कसे?

रानवाटा

प्रयोगशाळेच्या आधी पिशवीत काय आलं ते बघा. निम्मा घोळ तिथेच होतो.

हिरडा बाजारातून आणला तर बाळहिरडा आणि पिकलेला मोठा हिरडा एकत्र करू नका. बाळहिरडा म्हणजे कोवळं, बी न धरलेलं वाळलेलं फळ. दोघांतल्या टॅनिनचं प्रमाण वेगळं. मोठा हिरडा असेल तर फोडून बी काढा, फक्त साल-गर घ्या. बी तशीच दळली तर भुकटीचं वजन वाढतं आणि अर्काचा उतारा पडतो.

पळसाची फुलं फेब्रुवारीअखेर ते मार्च. झाडाखालची वेचू नका, मातीतले जिवाणू आणि बुरशी सोबत येते. फांदीवरची तोडा आणि बुडाचा काळपट मखमली पुष्पकोश काढून फक्त केशरी पाकळ्या ठेवा. ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन हे फ्लॅव्होनॉइड तिथे आहेत.

कंबरमोडी पावसाळ्यानंतर, फुलावर असताना. जमिनीला चिकटून वाढते, म्हणून वाहत्या पाण्यात तीनदा तरी धुवा. (जाता जाता: ही मूळची अमेरिका खंडातली. 'हजारो वर्षांच्या परंपरेत' असं प्रकल्पाच्या प्रस्तावनेत लिहू नका. जखमेला तिचा रस लावतात हे मात्र खरं, तेवढंच लिहा.)

हळद बाजारची नको. ती शिजवलेली, पॉलिश केलेली असते आणि भेसळ असेल तर मेटॅनिल यलोपासून लेड क्रोमेटपर्यंत काहीही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शेतकऱ्याकडून कच्चे गड्डे घ्या, २-३ मिमी जाडीच्या चकत्या करा आणि सावलीत वाळवा.

वाळवणं सगळ्यांचं सावलीतच, जाळीवर, पातळ थरात. जुलै-ऑगस्टमध्ये गडचिरोलीच्या हवेत पाला चार दिवसांत बुरशीने पांढरा होतो, तेव्हा ४० अंशांचा ओव्हन वापरा. वाळला की नाही हे हाताला कळतं: पान मुडपलं तर कडकन मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. वजन लागोपाठ दोन दिवस सारखं भरलं की थांबा.

प्रत्येकाची फुला-फळासह एक फांदी दाबून हर्बेरियम शीट करा आणि ओळख वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून लेखी घ्या. आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाच्या जंगलातून वेचणार असाल तर आधी ग्रामसभेला विचारा. ते जंगल त्यांचं आहे.

गुणोत्तर

अर्क काढण्याचं मी लिहितो.

भुकटी फार बारीक नको. मैद्यासारखी केली की गाळणी बसते आणि दिवसभर थेंब थेंब पडत राहतं. ४० नंबरच्या चाळणीतून जाईल इतपत पुरे. मिक्सर अर्धा मिनिट चालवा, थांबवा, भांडं गार होऊ द्या. सलग फिरवला तर भुकटी तापते आणि सुगंधी तेल उडतं.

द्रावक ७० टक्के इथेनॉल. मिथेनॉल सोडा; विषारी आहे, आणि पुढेमागे कुणी त्वचेवर लावायचं म्हटलं तर तो अर्क बादच. ९५ टक्क्यांच्या इथेनॉलपासून एक लिटर करायला ७३७ मिली इथेनॉल घेऊन पाण्याने एक लिटरपर्यंत भरा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात १९७५ पासून. प्रयोगशाळेच्या इथेनॉललाही राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच टाका. त्याला पर्याय म्हणून औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणू नका, त्यात मिसळलेली इतर द्रव्यं स्वतःच जिवाणू मारतात.

२० ग्रॅम भुकटी, २०० मिली द्रावक, झाकणाच्या काचेच्या बाटलीत. शेकर नसेल तर दिवसातून सात-आठ वेळा हाताने हलवा. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळा; हळद उजेडात खराब होते. २४ तासांनी वरचं ओतून घ्या, चोथ्यावर १०० मिली नवं द्रावक, असं आणखी दोनदा. तिन्ही वेळचं एकत्र करून आधी मलमलच्या फडक्यातून पिळा, मग व्हॉटमन १ गाळणकागदातून गाळा.

आटवताना रोटरी नाही म्हणून अडत नाही. आधी वजन केलेली रुंद काचेची बशी, वॉटर बाथ ४५ अंशांवर, वरून पंखा, खिडक्या उघड्या. जवळपास बर्नर, गॅस, काडी काहीही नको. इथेनॉलची वाफ पेट घेते. इथेनॉल आधी उडतं आणि शेवटचं पाणी रेंगाळतं. घाई करून ८० अंशांवर नेलं की अर्क काळा चिकट होतो. शेवटचं पाणी काढायला बशी डेसिकेटरमध्ये सिलिका जेलवर ठेवा.

उतारा काढायला विसरू नका. २० ग्रॅमातून ३.२ ग्रॅम आला तर १६ टक्के. हा आकडा नसेल तर दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येत नाही.

वऱ्हाडी_मिरची

पन भाऊ, गावात तं लोकं पाण्यात उकळूनच काढा करतात नं? त्यानं फरक पडते म्हनतात. मंग हे स्पिरिट कायले? का गावचं सारं खोटंच हाय?

गुणोत्तर

खोटं नाही हो भाऊ, पण कशाचा काढा यावर सगळं अवलंबून आहे. हिरडा, बेहडा, अर्जुनाची साल उकळली तर टॅनिन मजेत पाण्यात येतं आणि उकळी सोसतंही. लसणाचं उलटं. लसूण ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम ॲलिसिन तयार करतं; अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली की एन्झाइम मरतं आणि ॲलिसिन बनतच नाही. ठेचून दहा मिनिटं ठेवली तर बनतं.

मोठं उदाहरण चीनमधलं. हिवतापावरच्या दवण्याच्या जातीच्या झुडपाचा अर्क गरम करून काढला की कधी चाले, कधी नाही. तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातली 'पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा' ही कृती वाचली. त्यात उकळणं नव्हतं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो लागू पडला. आर्टेमिसिनिन ते हेच, २०१५ चं नोबेल त्याचंच.

म्हणून प्रकल्पात एक पाण्याचा अर्कही ठेवा, गावातल्यासारखाच: १० ग्रॅम भुकटी, १६० मिली पाणी, मंद आचेवर ४० मिलीपर्यंत आटवून. मग तुलनेला अर्थ येतो.

वऱ्हाडी_मिरची

हे पटलं. अन त्यो काढा दुसऱ्या दिवशी ठेवला तं?

पेट्रीबशी

फेसाळतो. भुकटीत बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू असतात, ते उकळीला मरत नाहीत. गार झालं की रुजतात. चाचणीसाठी काढा त्याच दिवशी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून वापरा, नाहीतर प्लेटवर जे उगवेल ते तुमचं स्टॅफ आहे की काढ्यातलं, कळणार नाही.

आता प्लेटचं. म्युलर-हिंटन अगार लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं. ९० मिमीच्या प्लेटमध्ये मोजून २५ मिली, म्हणजे थर ४ मिमीचा होतो. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका. थर पातळ झाला की वर्तुळ फुगतं, जाड झाला की आक्रसतं. टेबल सपाट आहे का ते पाण्याच्या पातळीने बघा, नाहीतर एका बाजूला वर्तुळ लंबगोल येतं आणि मुलं त्याची सरासरी काढत बसतात.

जिवाणू प्रमाणित घ्या: ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्टॅफ एटीसीसी २५९२३. रुग्णाच्या जखमेतला नमुना मुलांच्या हातात देऊ नका. घनता ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला सुमारे १५ कोटी पेशी. ६२५ नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी ०.०८ ते ०.१३. कलरीमीटरवर नेमका तो फिल्टर नसेल तर बेरियम सल्फेटचं मानक करा: १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९.९५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली. नळी हलवून, मागे काळ्या रेघांचा कागद धरून, दोन्ही सारख्या गढूळ दिसतात का पाहा. जिवाणूंचा स्वॅब (कापसाचा बोळा) प्लेटवर फिरवल्यापासून १५ मिनिटांत खळगे भरून व्हायला हवेत.

खळगा ६ मिमीचा. कॉर्क बोररने पाडल्यावर अगारची गोळी सुईने सरळ वर उचला. तिरकी ओढली की अगार बुडापासून सुटतो आणि अर्क खालून पसरतो. वर्तुळ मग वेडंवाकडं, कडा धूसर. शंका असेल तर तळाला एक थेंब वितळलेला अगार टाका. अर्क ५० मायक्रोलिटर, अर्धा तास प्लेट तशीच ठेवा, मग इन्क्युबेटर.

आणि इथे आपल्याकडचा खास घोटाळा. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे खोलीच ४४ अंशांवर असेल तर ३७ ला लावलेलं इन्क्युबेटरही ४४ च्या वरच चालतं. जिवाणू मंदावतात, वर्तुळं सगळी मोठी येतात आणि सगळ्यांना आनंद होतो. थंडही करणारं बीओडी इन्क्युबेटर नसेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. आत थर्मामीटर ठेवा, बाहेरच्या आकड्यावर जाऊ नका. वीज गेली तर किती वेळ गेली ते वहीत लिहा.

प्रत्येक प्लेटवर जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमची चकती. ई. कोलाय २५९२२ वर तिचं वर्तुळ १९ ते २६ मिमी आलं पाहिजे. ते बाहेर गेलं तर त्या दिवशीच्या सगळ्या प्लेट रद्द, अर्काचा निकाल कितीही आवडला तरी.

सागवान_पान

एवढं सगळं नीट बसवल्यावर वर्तुळाच्या मापावरून पाच वनस्पतींची क्रमवारी लावता येईल ना?

पेट्रीबशी

नाही. वर्तुळात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: द्रव्य जिवाणूला किती रोखतं आणि ते अगारमधून किती लांब सरकतं. टॅनिनचे मोठे रेणू अवघडत सरकतात, कर्क्युमिन तेलकट असल्याने खळग्याजवळच बसून राहतं. लहान वर्तुळाचा अर्क प्रत्यक्षात जास्त जोरकस असू शकतो. वर्तुळ 'आहे की नाही' एवढंच सांगू द्या. क्रमवारी लावायची तर किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी काढा.

९६ खळग्यांची प्लेट. आटवलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात मिलीला १०० मिग्रॅ. त्यातला २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात). हे झालं मिलीला २ मिग्रॅ. पहिल्या खळग्यात हे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत नुसता ब्रॉथ १००-१००. पहिल्यातून १०० उचलून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दहाव्यातून काढलेले १०० टाकून द्या. मग या दहाही खळग्यांत जिवाणू १०० मायक्रोलिटर. हे जिवाणू मॅकफारलंडच्या द्रवाचे १५० पट पातळ केलेले, म्हणजे खळग्यात मिलीला ५ लाख. सुरुवात १ मिग्रॅला, शेवट सुमारे २ मायक्रोग्रॅमला. अकरावा खळगा फक्त जिवाणू, बारावा फक्त ब्रॉथ. डीएमएसओ पहिल्या खळग्यात १ टक्का बसतो, त्याची वेगळी ओळ लावाच.

१८ तासांनी ०.०१५ टक्के रेझाझुरिन हा रंग ३० मायक्रोलिटर, २ ते ४ तास थांबा. निळं म्हणजे वाढ नाही, गुलाबी म्हणजे वाढ आहे.

कच्च्या अर्काची एमआयसी मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर दखल घेण्यासारखी. १ मिग्रॅच्या वर गेली तर 'परिणामकारक' हा शब्द अहवालात वापरू नका.

गुणोत्तर

वरच्यात एक भर. हिरडा आणि हळद रेझाझुरिनला फसवतात. हिरड्यातली क्षपणकारक द्रव्यं जिवाणू नसतानाही निळ्याचं गुलाबी करू शकतात, आणि हळदीच्या पिवळ्यात निळं मिसळून हिरवट दिसतं. म्हणून प्रत्येक अर्काची एक ओळ जिवाणूंशिवाय लावा. तीही गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, प्रत्येक खळग्यातला १० मायक्रोलिटर साध्या अगारवर ठेवून उगवतं का ते बघा.

कर्क्युमिन तर अशा चाचण्यांत बदनामच आहे. प्रथिनांना चिकटतं, प्रकाश शोषतं, माध्यमात तुटतं. कागदावर शंभर रोगांवर चालतं ते यामुळेही.

आणखी एक. डीएमएसओतला अर्क गाळायचा असेल तर सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटचा फिल्टर नको, डीएमएसओ तो विरघळवतो. नायलॉन किंवा पीटीएफई घ्या.

रानवाटा

ई. कोलायवर बहुतेक पाला-अर्क फिके पडतील, त्याने मुलं नाउमेद व्हायला नकोत. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जादा पटल असतं, शिवाय आत शिरलेलं द्रव्य बाहेर फेकणारे पंप. वनस्पतींनाही हे 'ठाऊक' असावं असं वाटतं: २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बर्बेरिसच्या (दारुहळदीच्या प्रजातीच्या) एका अमेरिकी जातीत बर्बेरिन या जिवाणूरोधक द्रव्यासोबत दुसरं एक द्रव्य सापडलं. ते स्वतः जिवाणू मारत नाही, पण स्टॅफमध्येही असलेला असाच नॉर-ए हा पंप बंद पाडतं आणि मग बर्बेरिन काम करतं. अर्क शुद्ध करत गेलं की गुण हरवतो, तो कधीकधी यामुळे.

धानाची_बांधी

विषयाला धरूनच विचारते. चिमूर भागातल्या एका बचत गटाला कडुनिंब-हळद साबण करायचा आहे, वेष्टनावर 'जंतुनाशक' लिहायचं आहे. हळदीचा साबण दोन दिवसांत विटकरी होतो, ग्राहक परत करतात. कुणीतरी त्यात बिब्ब्याचं तेलही घालायला सांगितलं आहे.

गुणोत्तर

ताई, आधी बिब्बा. अजिबात नाही. त्या तेलातली द्रव्यं त्वचा जाळतात. बिब्बा उतला की काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्याला पूर्वी एकदा उतला त्याला पुढच्या वेळी थोड्यानेही फोड येतात. साबणात तर तो पूर्ण अंगाला लागणार.

विटकरी रंग म्हणजे अल्कलीत कर्क्युमिन लाल होणं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच तुमच्या साच्यात होतंय. साबणाचा पीएच ९-१० असतो आणि त्या पीएचला कर्क्युमिन टिकतही नाही. म्हणजे रंग गेला आणि हळदही गेली. पिवळा साबण हवा तर हळद सोडा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर वाळवून बारीक केलेला, किलोभर साबणाला १० ग्रॅमच्या आत. ओला वाटून घातला तर काळे डाग पडतात आणि साबण खवट होतो. कडुनिंबाचं तेल एकूण तेलाच्या ५ ते १० टक्के. वास त्यावर सहन होत नाही.

'जंतुनाशक' लिहू नका. साबणाने हात धुतले की जंतू निघून जातात, ते साबणाचं आणि पाण्याचं काम. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यांवर घरगुती साबणांत बंदी आणली. कारण हेच, साध्या साबणापेक्षा ती सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. शिवाय आपल्याकडे साबण करायला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. 'खरूज बरी करतो', 'जखम भरतो' असं छापलं की ते औषध ठरतं, आणि त्याला आयुषचा वेगळा परवाना लागतो. 'कडुनिंबयुक्त स्नानाचा साबण' एवढं लिहा.

धानाची_बांधी

कळलं. हळद काढायला सांगते. बिब्ब्याचं तर आजच.

वऱ्हाडी_मिरची

अन कंबरमोडीचा रस? शेतात इळा लागला तं तेच लावतात सारे.

पेट्रीबशी

प्लेटवर काही दिसलं तरी शेतातल्या जखमेत पाला चोळू नका भाऊ. पाल्यासोबत माती जाते, मातीत धनुर्वाताचे बीजाणू, आणि ते खोल बंद जखमेत वाढतात. आधी भरपूर स्वच्छ पाणी आणि साबण, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम तर घरी ठेवूच नका.

सागवान_पान

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: आटवलेला अर्क आणि डीएमएसओतलं द्रावण किती दिवस ठेवता येईल? फ्रीज आहे, डीप फ्रीजर नाही. आणि वापरलेल्या प्लेट?

गुणोत्तर

कोरडा अर्क घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रीजमध्ये महिना-दोन महिने. हिरडा हवेतली ओल पटकन ओढतो, तेव्हा बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. द्रावण लागेल तेवढंच करा, फार तर आठवडाभर ठेवा. डीएमएसओ साडेअठरा अंशांखाली गोठतो. डिसेंबरच्या सकाळी टेबलावरची कुपीही दगड झालेली दिसेल. फेकू नका, ३० अंशांच्या पाण्यात धरा, पूर्ण वितळल्यावर हलवा आणि तळाशी साका राहिला नाही ना ते उजेडात बघूनच पिपेट बुडवा.

पेट्रीबशी

वापरलेल्या प्लेट, टिप, स्वॅब सगळं ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, १२१ अंशांवर ३० मिनिटं, मगच बाहेर. पिशवीचं तोंड सैल बांधा, घट्ट बांधलं तर वाफ आत शिरत नाही.